बावीस किलोमीटर खाली

पृथ्वीच्या पोटात काय चाललं आहे हे कळल्याशिवाय माणसाने तिच्या पाठीवर काहीही करू नये. हे तत्त्व एका समितीने आमच्या गावाला लागू केलं, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत.

आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी असं, की वरणात मीठ घालावं लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी गोड्या पाण्याची पाइपलाइन शिवेपर्यंत आली. तेवढ्यात अमरावतीहून भूगर्भ तपासायला आलेल्या यंत्रांना दिसलं, की गावाखाली बावीस किलोमीटरवर वीज शेजारच्या गावापेक्षा शंभर पट सहज वाहते. शास्त्रानुसार याची कारणं तीन: खारं पाणी, ग्राफाइट किंवा वितळलेला खडक. (समितीने चौथं जोडलं: ‘इतर’.) कारण निश्चित होईपर्यंत खोदकाम बंद. पाइपांत सध्या शेळ्या राहतात. त्यांची तक्रार नाही.

माझी जाऊ दुर्गाबाई हिला डॉक्टरांनी बजावलं होतं, किडन्या टिकवायच्या तर गोडं पाणी प्या. ती समितीची वाट पाहत होती.

आता खरं सांगते. आमच्या लहानपणी सकाळी पाणी फक्त तुळशीला घालत. हल्ली न्हाणीमागच्या लोखंडी सळईलाही घालतात. खांबावरून एक तार घरात, दुसरी सळईवरून जमिनीत. मीटरला पत्ता लागत नाही, कूलर फुकट चालतो. सळईच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ. (जमीन मुळातच खारट, पण रीत ती रीत.) घरं एकशे त्रेचाळीस, सळया एकशे एकोणपन्नास. यंत्रांना बावीस किलोमीटर खाली दिसलं ते एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात समितीचा तरुण अधिकारी सुगत आमच्या ओट्यावर बसला. “आजी, जमिनीत एवढी वीज येते कुठून?”

साऱ्या ओट्याने न्हाणीकडे पाठ फिरवली.

“लाव्हाच असंन, साहेब,” सरपंच देवमन म्हणाला. “माह्या आबाचे पाय बी पोयत.”

मी दुर्गाबाईला कोपर मारलं. “सांगून दे वो. पाणी येईन तुले.”

“अन् मंग? साऱ्या गावाचे कूलर बंद पाडू? सुना मले जित्ती ठेवतीन?” ती पदराआड पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, “लाव्हाच हाये, बापा. लिहून घे.”

सुगतने ते ‘स्थानिक पारंपरिक ज्ञान’ या सदरात लिहून घेतलं. समितीने एकमताने ज्वालामुखीप्रवण क्षेत्र जाहीर केलं. खोदकाम कायमचं बंद. दुर्गाबाई आता आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जाते. परत आली की आधी कूलर लावते.

तुम्ही आमच्या जागी असता तर उठून खरं सांगितलं असतं, याबद्दल मला शंका नाही. तेवढा पत्ता कळवा. वीज कार्यालयातला माणूस उद्याच तुमचा मीटर पाहायला पाठवते.