पाणीपाळीचा प्रोग्राम

तळ्याच्या पाण्याची पाळी यंदा कॉम्प्युटर लावणार, असं पाणी समितीत ठरलं. सिहोऱ्याच्या अलीकडचं हे गाव धान निसवायला लागला की दरवर्षी पाण्यावरून भांडायचं. सख्खे भाऊ एकमेकांची गचांडी धरायचे. शहाऐंशी साली हायस्कुलात सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला आणि त्याला सोयरेधायरे नसतात, एवढं सगळ्यांना पटलं. कॉम्प्युटरचा शब्द कोणी मोडायचा नाही, असा ठरावच अध्यक्ष डोमाजींनी करून टाकला.

काम गणिताच्या खुशाल मास्तरांकडे आलं. मास्तर सरळ माणूस, पण आपल्याला कोणी हुशार म्हणावं याची त्यांना भारी हौस. त्यांनी छोटासा प्रोग्राम लिहिला. एकाचं झालं की पुढच्याचं नाव. नववीच्या पोरांनाही कळेल इतका तो साधा होता.

मग परसरामने धानाच्या एकाच बांधीसाठी स्वतःचं आणि स्वर्गवासी बापाचं अशी दोन नावं दिल्याचं निघालं. मास्तरांनी नियम घातला, एका घराला एकच पाळी. लगेच निम्म्या गावाच्या वाटण्या झाल्या, एकेका अंगणात दोन-दोन चुली पेटल्या. मग पाळी घराला नाही, शेताला, असा नियम आला. लोकांनी बांधीत मधोमध मातीचा धुरा टाकून एका शेताची दोन केली. तेवढ्यात डोमाजींनी सुचवलं की ज्याचा धान वाळून राहिला त्याला आधी पाणी द्यावं, एवढी माणुसकी मशीनलाही असावी. माणुसकी आली आणि सगळ्या गावाचा धान एका दिवसात वाळला. चिडलेल्या मास्तरांनी शेवटी लबाडी करणारा मागे आणि तक्रार करणाराही मागे, असं ठोकून दिलं. एका चोराला अडवायला मास्तर जे नवं दार बसवत, त्यातूनच दुसरा चोर आत येई. प्रोग्राम मारुतीच्या शेपटासारखा लांबत गेला. एक ओळ दुरुस्त केली की दुसरीच बिघडायची, म्हणून मास्तर आता त्याला हात लावायलाही भीत.

त्यांची स्वतःची बांधी तळ्यापासून लांब होती आणि तिला भेगा पडायला लागल्या होत्या. बायकोने, ललिताबाईंनी, धान वाळतो म्हणून एकदा समितीत सांगितलं, तर नियमाप्रमाणे मास्तरच मागे गेले. यंदा घरचा तांदूळ मिळेल की नाही, याची बाईंना धास्ती होती.

"तुमचं तुमाले तरी समजते का आता?" त्यांनी विचारलं.

"मीच लिवला ना," मास्तर म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

एका सकाळी कॉम्प्युटरने पाळी दिली ती जुन्या मालगुजारांच्या पडीक शेताला. मालगुजार नागपूरला राहत, शेतात नुसती बेशरमाची झाडं. पुढची पाळीही त्यांनाच, त्यापुढचीही. गावात लबाडी किंवा तक्रार न केलेला माणूसच उरला नव्हता. दोन्ही न करणारे एकटे मालगुजार, कारण ते गावात नव्हते. ठराव होताच, त्यामुळे पाणी इमानाने बेशरमाला जात राहिलं.

शेत तुडुंब भरून धुऱ्यावरून वाहायला लागलं. त्याच्या खालची बांधी नेमकी मास्तरांची. ललिताबाईंनी कोणाला विचारलं नाही. फावडं घेतलं आणि धुरा फोडला. सगळ्या शिवारात धान पिवळा पडला असताना मास्तरांचा तेवढा हिरवागार झाला.

समिती तातडीने बसली. खरं सांगून मोकळे व्हा, असं बाईंनी घरून निघताना बजावलं होतं. डोमाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, खरं सांगा जी. हा डाव तुमचा, का मशीन चुकली?"

खरं सांगायचं तर, स्वतःचाच प्रोग्राम आपल्याला कळत नाही, हे सांगावं लागणार होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. समोर परसराम बसला होता आणि एका मुरलेल्या लबाडाने दुसऱ्याकडे पाहावं तसा आदराने त्यांच्याकडे पाहत होता. इतक्या आदराने मास्तरांकडे गावात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"डाव माझाच होता," मास्तर म्हणाले.

समितीने त्यांची पुढच्या वर्षीची पाळी कापली आणि त्याच संध्याकाळी पूर्वीसारख्या चिठ्ठ्या टाकून पाणी सोडलं. डोमाजींनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

"बरं झालं बापा," ते शेजारच्याला म्हणाले. "मास्तर चोर निघाले तं भागते. ढ निघाले असते तं आपल्या पोरायचं काय झालं असतं?"