मागील चाकाचे खिंडाराची हकीकत

विघ्नें हरणारास वंदन करोन, आणि हवा भरणारासही वंदन करोन, कारण हवेवांचून मोहीम चालत नाही, वाडीपुढील माळावर मागील चाकास जें खिंडार पडलें त्याची साद्यंत हकीकत लिहितों. वाचणारांनी हांसों नये. हांसणारास तो माळ आणि तें ऊन ठाऊक नाही.

शके एकोणीसशें सत्तेचाळीस, चैत्र वद्य सप्तमी, रविवार. नागपुराबाहेर अमरावती सडकेवर मौजे वाडी, तेथील मालगोदामाचे किल्लेदार राजश्री कृष्णकांतराव प्रातःकाळीं पांचांस डोंगरी सायकलीवर स्वार जाहाले. सायकल ट्यूबलेस, म्हणजे टायरांत ट्यूब नाही, पांढरें द्रव्य आहे. कांटा शिरला तर द्रव्य आपणच धांवोन भोक बुजवितें, ऐसा विकणाराचा कौल. समागमें कुटुंब प्रेमिलाबाई दुसरे सायकलीवर. सहा महिने एक मोहीम बाईंनी चुकविली नाही. या वयांत कुटुंबाची इतकी माया, ऐसें म्हणोन रावांची छाती दोन बोटें फुगत असे.

परंतु एक गुपित होतें. गत दसऱ्यास रावांनी आपट्याचें पान हातीं धरोन बाईंपुढें शपथ वाहिली कीं आजपासोन खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटीव चुरा, तमाम बंद. तो बंद जाहाला, घरांत. सायकलीचे गादीखालील पिशवींत मात्र प्लास्टिकाचे जाड पन्नींत बांधोन त्याचा मुक्काम कायम, आणि बाई दम खाण्यास थांबल्या कीं राव पळसाआड जाऊन एक चिमूट दाढेखालीं सोडीत.

मजल दरमजल चौदा किलोमीटर गेलियावर उतारावर एका धारदार दगडानें मागील टायराची बगल चिरली. चीर दोन बोटें. द्रव्य कारंजियासारखें उडालें, रावांची विजार पांढरी जाहाली, आणि टायर बसला. मग रावांनी भोक बुजविण्याची रबरी वात ठासिली, ती आंतच गडप जाहाली. मोबाईलास रेंज नाही, सबब कुमक नाही, पाणी एक बाटली, आणि सूर्य सर्व बळानिशी चाल करोन आला.

मग मसलत होऊन राखीव ट्यूब घालावी ऐसें ठरलें. पिशवीस कोणी हात लावूं नये, ऐसें फर्मान काढोन राव स्वतः पाठमोरे जाहाले आणि ट्यूब काढिते जाहाले. बाईंनी तांदूळ निवडावे तैसे टायराचे पोटांतून बाभळीचे सतरा कांटे निवडिले, मग ट्यूब बसविली, मग पंपानें हवा भरिली, आणि ट्यूब चिरेंतून बेडकाचे गळ्यासारखी बाहेर फुगली. हवा सोडोन आंतून पळसाचें पान लाविलें, तें फाटलें. बिस्किटाचा कागद लाविला, तोही फाटला. कांहीं जाड, चिवट पाहिजे होतें. तें कोठें आहे हें तमाम माळावर एकच इसम जाणीत होता, आणि तो आभाळाकडे पाहात उभा होता.

पन्नी काढावी तर अब्रू जाते, न काढावी तर कुटुंब चौदा किलोमीटर उन्हांत पायीं जातें. इतक्यांत बाईंनी बाटलींतला शेवटला घोट रावांपुढें केला. तो पाहोन रावांनी डोळे मिटोन पिशवींत हात घातला आणि पन्नी बाईंचे हातीं ठेविली.

बाईंनी खर्रा मुंग्यांस इनाम दिला, पन्नी झटकोन चौपदरी घडी केली आणि चिरेआड बसविली. हवा भरिली. ट्यूब जागची हालली नाही.

राव मान खालीं घालोन पुसते जाहाले, "तुले राग नाही आला काय वं?"

"अजी, मले दिवाळीपासून मालूम हाय. नाहीतर या बाभळीच्या काट्याइत मी सहा महिने काहून येऊन राहिली तुमच्या मागं?"

रावांची छाती दोन बोटें फुगली होती, ती तेथेंच बसली. तीस बुजवावयास द्रव्य नव्हतें, वातही नव्हती.

येणेंप्रमाणें साडेदहास उभयतां स्वार वाडीस सुखरूप दाखल जाहाले. टायराची फत्ते, खर्ऱ्याची शिकस्त, ऐसें दफ्तरीं लिहिलें. पुढील रविवारीं, आतां पाळतीचें कारण नाही, बाई कशास येतील, ऐसें मनीं म्हणत त्यांनी दार उघडलें, तों बाई आपली सायकल घेऊन आधींच अंगणांत उभ्या. चाकांत हवा भरोन जाहाली होती, दोन्ही सायकलींच्या. इति हकीकत समाप्त.