पावणेदोनचा घोटाळा

"चैत्राला माझ्याकडे धाड. अपूर्णांक एका बैठकीत शिकवते. एका!"

सोयराबाईंनी सुनेला, सौम्याला, फोनवर असे ठणकावून सांगितले, आणि त्यांना तो अधिकारच होता. देवराज मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराखाली त्यांच्या यजमानांनी, मनोहररावांनी, चाळीस वर्षे शिवणकामाचे दुकान चालवले. ज्यांचे उभे आयुष्य पाव इंच, अर्धा इंच आणि पाऊण इंचात गेले, त्यांच्या नातीने पाचवीच्या चाचणीत एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा लिहावा? का, तर म्हणे चार हे तिनापेक्षा मोठे! घराण्याच्या टेपला कलंकच की हा!

खरे कारण मात्र निराळे होते, आणि ते बोलून दाखवणाऱ्यांतल्या सोयराबाई नव्हत्या. मुलगा रंगनाथ कुवेंपुनगरात राहायला गेल्यापासून नात भेटायची ती फोनच्या काचेत, तीही जेमतेम पाव: कपाळ आणि एक डोळा. ती शेजारी येऊन बसावी, तिच्या वेणीतल्या तेलाचा वास यावा, एवढेच त्यांना हवे होते.

"कधी पाठवू ते सांगा," सौम्या म्हणाली होती. गुरुवारी सोयराबाईंनी फोन केला. उचलला चैत्राने. सोयराबाईंच्या हुकुमात एक शब्द जादा नसे.

"शनिवारी पावणेदोन. आईला सांग."

"पावणे दोन? हौदा, खरंच, आज्जी?" चैत्राच्या मराठीत शाळेतली कानडी मिसळे.

"हो, पावणेदोन! विसरू नकोस!"

"आयतु, सांगते, आज्जी!"

शनिवारी सोयराबाईंनी शेवयांची खीर केली. चटईवर मनोहररावांची पिवळी टेप ठेवली. शेजारी सारख्या लांबीच्या तीन कापडी पट्ट्या मांडल्या: एकीचे दोन वाटे केलेले, दुसरीचे तीन, तिसरीचे चार. पावणेदोन वाजता त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

दोन वाजले. सव्वादोन वाजले. खिरीवर साय धरली. खाली स्कूटर थांबली, की सोयराबाईंचा श्वास थांबे. उतरणारा माणूस सराफाच्या दुकानात शिरला, की तो पुन्हा सुरू होई. शेवटी त्यांनी फोन लावला.

"चैत्रा! पावणेतीन झाले!"

"तीन झाले? अय्यो! अम्मा, तीन झाले!" फोन बंद!

थोड्या वेळाने दारात रिक्षावाला वेंकोबा उभा! हातात हंड्याएवढा डबा.

"सौम्याअम्मांनी पाठवलाय. तिघांना पुरेल म्हणाल्या."

"का? मला स्वयंपाक येत नाही?"

"मला काय ठाऊक, आज्जी? गरम आहे, आधी धरा!"

सोयराबाईंचे टाळके डब्याहून तापले. त्यांनी पुन्हा फोन लावला. "पावणेचार होत आले! काही लाज?"

"चार!" पलीकडे चैत्रा किंचाळली. "अम्मा, आता चार! आज्जी रडायला आलीय!"

आज्जी खरोखरच रडायला आली होती, पण ते त्यांनी पदरालाही कळू दिले नाही.

सव्वाचारला जिना दणाणला. पुढे रंगनाथ, दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या. मागे ताटांची चवड घेतलेली सौम्या. तिच्या मागे मैसूरपाकाचा पुडा छातीशी धरलेली चैत्रा.

"आई, पावणे कुठायत?" रंगनाथने विचारले.

"कुठले पावणे?"

"अगं, चार! आधी दोन होते, मग तीन..."

"तुमच्याकडे पावणे येणार, त्यात आमची गर्दी नको, म्हणून हिला मी घरीच ठेवली," सौम्या म्हणाली.

सोयराबाईंनी खुर्च्यांकडे पाहिले, ताटांकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"अरे देवा! मी घड्याळ सांगत होते!"

रंगनाथच्या काखेतली खुर्ची धाडकन पडली. सौम्या हसता हसता चवडीसकट खाली बसली. चैत्रा तेवढी हसली नाही. ती चटईवर आजीला खेटून बसली, आणि वेणीतल्या तेलाचा वास आला.

"पावणे म्हणजे पाव उणे," सोयराबाईंनी घसा साफ केला. "दोनाला पाव कमी, ते पावणेदोन."

"म्हणजे दोनापेक्षा लहान?"

"लहानच! आता या पट्ट्या बघ. लांबी एकच. वाटे जितके जास्त, तितका एकेक वाटा..."

"लहान! अय्यो, म्हणून चारातला एक हा तिनातल्या एकापेक्षा छोटा!" चैत्राने अर्धा, तृतीयांश, चतुर्थांश असे वाटे भराभर उतरत्या क्रमाने मांडले. एकही चुकला नाही.

बैठकसुद्धा पुरी लागली नाही. पाऊण बैठकीतच काम फत्ते!

"झालं की, आई!" सौम्या कौतुकाने म्हणाली. "आता तुम्हाला पुन्हा त्रास नको."

रंगनाथने खुर्च्या पुन्हा काखांत घेतल्या. सोयराबाईंनी ते पाहिले.

"झालं कसलं?" त्या कडाडल्या. "पोरगी अजून कच्ची आहे! दर शनिवारी धाडायची. निदान पावणेदोन वर्षं तरी लागतील!"

"म्हणजे एकवीस महिने, आज्जी!" चैत्रा पटकन म्हणाली.

सोयराबाईंनी टेप गुंडाळायला घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर उत्तराला शाबासकी दिली नाही.