त्र्यंबक साळिंदराचं सुख

एका जंगलात सिंह नव्हता, म्हणून गव्याला राजा केलं होतं. बाळांनो, ही गोष्ट त्या जंगलातली. पण गोष्ट राजाची नाही. गोष्ट आहे त्र्यंबक नावाच्या साळिंदराची.

त्र्यंबकाला तीन नाद होते.

पहिला नाद पिसांचा. जंगलात पडलेली पिसं तो उचलून आणायचा आणि बिळाच्या भिंतीत ओळीने खोचायचा. प्रत्येक पिसाखाली सागाच्या पानाची चिठ्ठी असायची. ‘धनेश. उजवा पंख. करवंदीच्या जाळीपाशी मिळालं. त्या दिवशी मला सर्दी होती.’

दुसरा नाद वाचनाचा. जंगलाच्या कडेला एक बंद पडलेला डाकबंगला होता. तिथली पुस्तकं वाळवीने खाऊन जी उरली, ती त्र्यंबकाने घरी आणली. का कोण जाणे, वाळवीला शेवट फार आवडायचे. त्यामुळे एकाही पुस्तकाला शेवट नव्हता. त्र्यंबक असेल तिथवर वाचायचा, पुस्तक पोटावर ठेवायचा आणि शेवट स्वतः रचायचा. दुसऱ्या दिवशी तो आवडेनासा झाला तर बदलायचा.

तिसरा नाद वाघ-बकरीच्या खेळाचा. तो खेळायला गोदाक्का नावाची कासवीण यायची. पटावरचे वाघ त्र्यंबकाचे, बकऱ्या गोदाक्काच्या; वाघांनी बकऱ्या मारायच्या, बकऱ्यांनी वाघ कोंडायचे. गोदाक्का एका खेळीला तीन दिवस घ्यायची. ती आळशी नव्हती. ती विचार करायची. चालू डावाला दोन वर्षं झाली होती आणि तो संपवायची घाई दोघांनाही नव्हती.

त्याच्या शेजारी शेवंताकाकू राहायच्या. काकू म्हणजे भेकर. भेकर हे जरा कुठे खुट्ट झालं की भुंकणारं हरीण असतं. पाणवठ्यावरच्या स्नेहमेळाव्याला त्र्यंबक सलग तिसऱ्यांदा आला नाही, तेव्हा काकू त्याच्या दाराशी आल्या.

“काय रे त्र्यंबका, बरं नाही का?”

“बरा आहे की, काकू.”

“मग घरात करतोस काय दिवसभर?”

“वाचतो. पिसं लावतो. गोदाक्का आली की खेळतो.”

“आणि?”

“आणि काही नाही. मजा येते.”

काकू काळजीत पडल्या. त्या टेकाडावर गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत भुंकल्या. “त्र्यंबक एकटा पडलाय हो! त्र्यंबक हाताबाहेर गेलाय हो!”

सकाळी समिती स्थापन झाली. तिचं नाव ‘त्र्यंबकास बाहेर काढा समिती’. अध्यक्ष होते वानर गुरुजी. त्यांनी चाळीस वर्षं वानरांच्या पिलांना उड्या मारायला शिकवलं होतं. पिलांना उड्या आधीच येत होत्या, पण त्यामुळे निकाल नेहमी चांगला लागायचा.

समिती बिळात शिरली. गुरुजींनी घसा साफ केला.

“त्र्यंबका, तरुण माणसाने—”

“साळिंदराने,” त्र्यंबक म्हणाला.

“तेच ते. चारचौघांत मिसळावं. हे काय आहे?” त्यांनी पुरावा म्हणून एक पुस्तक उचललं आणि उघडलं. उघडलं ते वाचू लागले. वाचता वाचता खाली बसले. शेवटी त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

“पुढे काय झालं?”

“वाळवीने खाल्लं.”

“मग आता?”

“तुम्हाला काय वाटतं, गुरुजी?”

आता बाळांनो, गुरुजींना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. पुस्तक पोटावर ठेवून ते विचार करू लागले. तिकडे शेवंताकाकू भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. ‘कोतवाल. शेपटीचं पीस. शेवंताकाकूंच्या दारात मिळालं. काकू झोपल्या होत्या.’ काकूंनी ही चिठ्ठी चार वेळा वाचली.

दुसऱ्या दिवशी समिती त्र्यंबकाला बाहेर काढायला पुन्हा आली आणि संध्याकाळपर्यंत आतच बसली. तिसऱ्या दिवशी कारण न सांगताच आली. महिन्याभरात अर्धं जंगल येऊ लागलं.

खरं सांगायचं तर त्र्यंबक हरखून गेला होता. हे पीस कुणाचं, असं त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तो सगळ्यांना जांभळं द्यायचा आणि एकेका पिसाची हकिकत सांगायचा. रात्री अंथरुणावर पडला की त्याला वाटायचं, आपण उगीच इतके दिवस दार ओढून घेत होतो.

मग राजाच्या कानावर गेलं, की हल्ली पाणवठ्यावर कुणी नसतं. राजा चौकशीला आला. गवाच तो, बिळात मावेना. त्याने फक्त डोकं आत घातलं.

“हे सगळं कशासाठी चाललंय?”

त्र्यंबक तोंड उघडणार, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, “सर्वांगीण विकासासाठी, महाराज.”

“असं होय. मग जरा शिस्त आणा.”

आणि ‘घरबसल्या आनंद महामंडळ’ निघालं. त्र्यंबकाचं बीळ त्याचं मुख्यालय झालं. राजाची शिंगं आत यावीत म्हणून दार खणून रुंद केलं.

शिस्त आली. पिसं लांबीप्रमाणे लावली गेली, कारण पाहुण्यांना ते बरं दिसतं. चिठ्ठ्या काढून टाकल्या. सर्दीचा उल्लेख अनावश्यक आहे, असा ठराव झाला. ठराव काकूंनी मांडला.

पुस्तकांना गुरुजींनी शेवट लावून दिले. दर पुस्तकाला एक शेवट, मंजूर झालेला. शनिवारी त्यावर परीक्षा. त्र्यंबकही परीक्षेला बसला. एका पुस्तकातला नावाडी समुद्रावर गेला होता. तो परत आलाच नाही, बेटावर नारळ मोजत राहिला, असं त्र्यंबकाने लिहिलं. मंजूर शेवट असा होता, की नावाडी परत येतो आणि शाळा काढतो. त्र्यंबकाला शंभरात बारा गुण मिळाले. त्यातले दहा अक्षराचे होते.

तरी चार जण येतात, आनंदात असतात, असं त्याने स्वतःला समजावलं.

मग खेळाला वेळ ठरली. खेळाडूची पाळी आली की छताजवळून एक पान सोडायचं. ते जमिनीला टेकेपर्यंत खेळी झाली पाहिजे.

गोदाक्का आली तेव्हा तिची पाळी होती. गुरुजींनी पान सोडलं. ते टेकलं तेव्हा तिची मान अजून कवचाबाहेर येत होती.

“बाद,” गुरुजी म्हणाले. “पट मोकळा करा. मागे रांग लागलीय.”

दोन वर्षांचा डाव कुणीतरी पंजाने पुसला. बकऱ्या एका डब्यात पडल्या, वाघ दुसऱ्यात. गोदाक्काने मान आत घेतली.

त्र्यंबकाच्या अंगावरचे काटे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. सगळे चार पावलं मागे सरले.

“हे माझं घर आहे,” तो म्हणाला.

“होतं,” गुरुजी अगदी मायेने म्हणाले. “आता ते सगळ्यांचं आहे. आणि तुझी हजेरीही कमी भरतेय, त्र्यंबका.”

“मूळचाच एकलकोंडा तो,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “आपण किती केलं त्याच्यासाठी!”

त्र्यंबकाने भिंतीकडे एकदा पाहिलं. लांबीप्रमाणे लावलेल्या पिसांत धनेशाचं पीस कुठलं, ते त्याला पटकन ओळखता येईना. गोदाक्का दाराकडे निघाली होती; मग तोही तिच्या बरोबरीने चालू लागला.

डोंगरापलीकडे जायला त्यांना अकरा दिवस लागले. एकटा असता तर तो दीड दिवसात पोहोचला असता. वाटेत सातव्या दिवशी त्याने विचारलं, “गोदाक्का, आपला डाव आठवतोय का गं?”

“तुझे दोन वाघ अडकलेत,” ती म्हणाली. “तेवढं विसरायचा प्रयत्न करू नकोस.”

पलीकडे त्र्यंबकाने नवं बीळ खणलं. सपाट दगडावर नखाने पट आखला. वाघांच्या जागी काळे खडे, बकऱ्यांच्या जागी पांढरे. गोदाक्काने एकेक खडा जिथल्या तिथे मांडून दिला.

चौथ्या दिवशी दारात एक अस्वल आलं. त्याला तिकडे सगळे बापू म्हणायचे. स्वभावाने फार चांगलं.

“नवीन दिसताय. काय चाललंय?”

“अहो, आम्ही दोघं किनई—” गोदाक्काने आनंदाने मान बाहेर काढली.

त्र्यंबक जोरात खोकला. “आजारी आहोत, बापू. मला काट्यांच्या मुळांचा विकार आहे. हिची पाठ धरलीय. वैद्याने बाहेर पडायला मनाई केलीय.”

“अरेरे! जीव तरी रमतो का?”

“कसला रमतोय! दगडाकडे बघत बसायचं.”

बापूंचे डोळे भरून आले. त्यांनी मधाचं एक पोळं दाराशी ठेवलं आणि डोंगराच्या त्या अंगाच्या सगळ्या जनावरांना बजावलं, की तिथे कुणी गडबड करायची नाही. तेव्हापासून सणावाराला दारात फळं यायची. आणणारे पाऊल न वाजवता परत जायचे.

खोटं बोललो म्हणून त्र्यंबकाला दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी गोदाक्काने विचार पुरा केला आणि एक बकरी पुढे सरकवली. त्र्यंबकाचा तिसरा वाघही अडकला. त्याने कपाळ धरलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. त्याच वेळी दारातून डोकावलेल्या सशाने घरी जाऊन सांगितलं, की साळिंदराचं काही फार खरं दिसत नाही.

तात्पर्य : शेजाऱ्यांना आपलं दुःख जरूर सांगावं. ते हळहळतात आणि घरी जातात. सुख मात्र सांगू नये. त्याची समिती होते.