भिंत हुंगणारे भगत सर

आमचे शेजारी भगत सर कोणाच्याही घरी गेले की आधी भिंत हुंगतात, चहाचं मागून. पाहुणे दचकतात, आमच्या आर्णी गावात आता कोणी दचकत नाही.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्याच्याआधी तरुणपणी एका प्रयोगशाळेत होते. सूर्यासारखी आग पेटवायची भट्टी, अन् तिच्या आतल्या भिंतीत गॅस किती मुरते, हे पाहायचं त्यांचं काम. "वहिनी, भिंत पेते. धातूची असो का मातीची. पेलेलं पोटात ठेवते अन् नको तवा ओकते. मंग आग बिघडते!" हे मी इतक्यांदा ऐकलं, की ती भट्टी मले नात्यातलीच वाटते.

त्या वर्षी कापसाचा भाव पार कोसळला. घरोघरी कापूस छताले टेकला. आमच्या आतल्या खोलीत कापूस, अन् बाजूले फवारणीचं औषध, पंप. शेवटी कापूस विकला. पोरगी पहिल्या बाळंतपणाले येणार म्हणून खोली झाडली, चुना मारला, खाट टाकली.

सरांनी नाक लावलं. "इथं लेकरू निजवता? चुना म्हणजे नुसतं पांघरूण. औषध आतच हाय."

"मंग काय घर पाडू?"

"भाजू! आमी भट्टीची भिंतबी आधी तापवत होतो. गॅस निघून जाते."

भर मे महिन्यात, बापा! खोलीत कोळशाच्या शेगड्या, दारं-खिडक्या सताड उघडी, अन् आम्ही निंबाखाली. गल्ली हसून लोटपोट. "सर, वरचा सूर्य कमी पडून राह्यला का?" सरांचं आपलं चालूच: सकाळी शेगड्या, संध्याकाळी नाक. मी वैतागली, "पुरे ना जी!" तर म्हणाले, "लेकराचा सवाल हाय. उद्या पुन्हा."

पोरगी यायच्या आदल्या दिवशी भिंतीले नाक लावून बराच वेळ उभे राह्यले. मंग म्हणाले, "निजवा आता."

पोरगी आली, अन् जून लागता लागता नात झाली, गुटगुटीत. त्या खुशीत आम्ही सरांच्या घराले चुना मारायले घेतला; त्यांची बायको शीला वारल्यापासून तो लागलाच नव्हता. सरही कुंचला घेऊन भिडले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली, तर आडवेच आले.

"एवढी जागा राहू द्या."

"काहून? तेलाचा डाग हाय तो."

"शीला इथं डोकं टेकून तूर निवडत होती. जास्वंदीचं तेल लावे." सरांनी डागाले नाक लावलं. "भिंत तापली की अजून वास येते, वहिनी. पण उन्हाळा सरत आला."

डाग सोडून मी भोवतीनं चुना मारला.