फळगळीवरच्या गोळ्या

बाजेवर दहा-दहा गोळ्यांचे दोन पत्ते, सौसरच्या डॉक्टरीणबाईंची एक चिठ्ठी आणि चार घड्यांचे एक माहितीपत्रक होते. पत्रकात फायद्यांच्या चार ओळी होत्या, धोक्यांच्या तेवीस. बाजेभोवती रामाकोना गावातल्या एका घरातली तीन माणसे होती: सत्तेचाळीस वर्षांच्या मनकर्णाबाई, त्यांचे यजमान भगवंतराव आणि बी.एस्सी. झालेली सून सुनंदा.

चार महिने मनकर्णाबाईंची पाळी थांबायचे नाव घेत नव्हती. हिमोग्लोबिन ७.२ वर आले होते. विहिरीपर्यंत जाताना त्या दोनदा खाली बसत.

"आई, पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली होती?" सुनंदाने पत्रकावर बोट ठेवून विचारले.

"नाही वो."

"कावीळ? बीपी?"

"काहीच नाही. डॉक्टरीणबाईनं तपासून हेच सारं पुसलं."

"मग तुमच्यापुरता धोका थोडा आहे अन् फायदा मोठा. या हार्मोनच्या गोळ्या आहेत. मळमळ होईल, डोकं दुखेल..."

"हार्मोन?" भगवंतराव उसळले. "ते मले नको शिकवू! मी संत्र्यावर फवारतो ना, फळगळीसाठी. मागच्या साली डोज जरासा जास्त झाला त सारे पानं वाकडे झाले!"

"मंग मी काय संत्र्याचं झाड हावो?"

"झाड बरं. गुमान उभं राह्यते. तू कोणाचं आयकते? पयले झाडाले देऊन पाहू. झाडानं फळं टाकले त गोळ्या नाल्यात!"

"मामाजी, झाडावरून बाईचं काही कळत नाही," सुनंदा म्हणाली. "आणि तुलनेला न फवारलेलं झाडही लागतं."

पहिले वाक्य भगवंतरावांनी ऐकलेच नाही. दुसरे त्यांना फार आवडले. त्यांनी एक पत्ता खलबत्त्यात कुटला, पंपात ढवळला आणि एका झाडावर फवारला. शेजारच्या झाडाला चुन्याचा पट्टा मारला. दुसरा पत्ता कुलपात गेला. शेजारचा कवडू पंच झाला. खाली पडलेले फळ उचलायचे नाही, पाचव्या दिवशी मोजायचे, असे ठरले.

पाचव्या दिवशी फवारलेल्या झाडाखाली तीन फळे होती. चुन्याच्या झाडाखाली एकोणतीस.

"काका, तुम्ही त शोध लावला!" कवडू ओरडला आणि धोतर सावरत गावात पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवंतराव बारा पत्ते घेऊन सौसरहून आले. मागोमाग गल्लीतल्या देवकाबाई तणतणत आल्या.

"माह्या पोरीची गोळी सरली अन् दुकानात एक पत्ता नाही! सारे बाप्ये बगीच्यात ओतून राहिले. आता फळं थांबतीन अन् पोरं वाढतीन!"

मनकर्णाबाईंनी पदराने कपाळ पुसले.

"सांगतोच आता," त्या म्हणाल्या. "फवारलेल्या झाडाखालचे फळं मी रोज पहाटे उचलून दुसऱ्या झाडाखाली टाकत होती. झाड नापास झालं असतं त माहं औषध नाल्यात गेलं असतं ना!"

"किती टाकले?" सुनंदाने घाईने विचारले.

"तेरा. मोजूनच टाकले."

सुनंदाने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन्हीकडे सोळा-सोळा!"

भगवंतराव मटकन बाजेवर बसले. "मंग या औषधाचा काहीच उपयोग नाही?"

"झाडाले नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी बारापैकी दोन पत्ते चिठ्ठीशी ताडून ठेवून घेतले, एक देवकाबाईंना दाखवला.

"ही नाही, आमची अलग राह्यते," देवकाबाई म्हणाल्या. "तीबी नेली कोणीतरी!"

"जा," मनकर्णाबाई यजमानांना म्हणाल्या. "उरलेले दहा वापस करा, अन् देवकाबाईच्या पोरीची गोळी गावातून हुडकून आणा."

भगवंतराव सायकलवर बसले. मनकर्णाबाईंनी तांब्यातले पाणी घेऊन पहिली गोळी गिळली.

पुढे डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर लोहाचे औषधही दिले. दोन महिन्यांनी सौसरला पुन्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन १०.१ भरले.