बाई फक्त ऐकतात

माझ्या शब्दाने आजवर कोणाचंही मन दुखावलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते! कारण सोपं आहे. गेली बावीस वर्षं मी रोज पहाटे उठते, जप करते आणि दुपारी बारापर्यंत मौन पाळते. मौनात लिहायचंही नाही, खडूसुद्धा उचलायचा नाही. (हा शेवटचा नियम देवाचा नाही. तो माझा मीच वाढवला.) विद्यापीठात गणित शिकवते, पण तास सगळे दुपारचे. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घरात सुख आहे, पण ते बारापर्यंतच!"

आमच्या विभागातून दरवर्षी पहिल्या वर्षाची निम्मी मुलं गणित सोडून पळायची. म्हणून विभागप्रमुखांनी 'गणितमैत्री' काढली. प्रत्येक प्राध्यापकाने काही मुलं वाटून घ्यायची, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना टिकवायचं. माझ्या वाट्याला अकरा आली. आणि मुलांना मोकळा वेळ कोणता? सकाळी दहा ते बारा!

नुसतं ऐकून घेऊ, मी ठरवलं. बोलून मुलं घाबरवणारे विभागात कमी आहेत का?

पहिली आली ती एका शिंप्याची मुलगी. वर्गात तिला टाचणी म्हणत. अंगाने बारीक, आणि शंका विचारली की थेट टोचणारी! माझ्या मौनाचं तिला काय माहीत, बराच वेळ ती माझ्याकडे बघत बसली. मी हसले, मान डोलावली. झालं, गच्च बसलेला नळ एकदम सुटावा तशी ती सुटली.

"बाई, सगळ्यांना कळतं, मलाच कळत नाही. सर म्हणतात, हे तर उघडच आहे. सगळे माना डोलावतात. मग मीपण डोलावते."

तिच्यानंतर एक चष्मेवाला आला. "बाई, सगळ्यांना कळतं, मलाच..." मग तिसरा. मग चौथी. अकराच्या अकरा! बाहेरच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली अकरा मुलं, आणि प्रत्येकाला वाटतंय, आपण एकटेच मठ्ठ! एका वाक्यात सुटणारं उदाहरण. पण बारानंतर मुलं प्रयोगशाळेत आणि मी वर्गात. सांगू सवडीने, मी म्हटलं. अर्थात मनात.

त्यात विभागप्रमुखांनी बैठकीत जाहीर केलं, "बाईंच्या दाराशी रांग लागते! नुसतं ऐकायचं, ही नवी पद्धत आहे!" बैठक सकाळची, मी खोडून कशी काढणार? (खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.) शिपायाने तर उत्साहाच्या भरात बाकावर 'शांतता राखा' अशी पाटी ठोकली. तेव्हापासून ती मुलं आपसातही बोलेनात. मयताच्या घरी बसावं तशी बसायची.

महिन्याने एका सकाळी टाचणी आली ती प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन.

"बाई, आज शेवटची तारीख. बाबा म्हणतात, झेपत नसेल तर दुकानात बस. तुम्ही इतके दिवस माझं ऐकताय. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता फाडते. म्हणा ना, बाई."

बाराला वीस मिनिटं होती. मी हसले, मान डोलावली आणि हात वर केला. मला म्हणायचं होतं, थांब पोरी, वीसच मिनिटं! तिला तो निरोप वाटला.

"कळलं, बाई," म्हणून ती उठली.

मागे धावायला मौनाची आडकाठी नव्हती. पण कचेरीत नेहमी रांग असते, असा मी हिशेब केला आणि मौन पुरं केलं.

बारा वाजले आणि मी चपला हातात घेऊन दोन जिने धावत उतरले. कारकून जेवणाचा डबा उघडत होता.

"तिचा अर्ज! थांबवा!"

"शिक्का पडला, बाई. आज रांगच नव्हती."

"अहो, पण मी तिला नको म्हणणार होते!"

"मी विचारलं तिला, बाईंशी बोललीस का? म्हणाली, बोलले. त्या हसल्या."

मी वर आले आणि प्रयोगशाळेत जायला बाकावरून उठणाऱ्या मुलांसमोर उभी राहून बावीस वर्षांचं साठलेलं ओरडले, "अरे, तुमच्यातल्या कोणालाच कळत नाहीये!"

दहा माना एकमेकांकडे वळल्या.

"तुलापण?"

"म्हणजे, तुलापण?"

शिपाई बिचारा पाटीकडे बोट दाखवत राहिला. आता ती दहाही माझ्या खोलीत एकत्र अभ्यास करतात, भांडतात, फळा पांढराफटक करतात. एकानेही गणित सोडलं नाही. विभागप्रमुखांचं वरून कौतुक झालं!

रविवारी मी शिंप्याच्या दुकानात गेले. बारानंतर. टाचणी एका कोटाची बाही बेतत होती, ओठांत टाचण्या धरलेल्या. मी श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. कोणालाच कळत नव्हतं. सगळ्यांत चांगले प्रश्न तुझे होते. चूक माझी. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश मिळतो, येशील ना?

ती हसली. मान डोलावली. आणि बाहीकडे वळली.

तो होकार होता की निरोप, ते मला अजून सुटलेलं नाही. नवे प्रवेश सुरू झालेत. तिची खुर्ची मी दाराकडे तोंड करून ठेवली आहे. आणि मौन हल्ली दहालाच सोडते. तशी देवाची परवानगी घेतली मी. तो काही बोलला नाही. मी होकार धरला!